डोहावर घेतलेलं नाव

१४ मे

पोचले. घाटात गाडी दोनदा तापली आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरने ह्यांच्यासारख्याच शिव्या बर्फाला दिल्या. मला हसू आलं. हसू आलं याचं नंतर आश्चर्य वाटलं.

कशका-बुलाकचं ठाणं म्हणजे ओढ्याकाठच्या दोन खोल्या. एकीत ओढ्याचं पाणी मोजणारा सातार आणि त्याची बायको बुर्मा एजे (एजे म्हणजे थोरली ताई) राहतात. दुसरी आमच्या संस्थेची. गेले सहा उन्हाळे ती ह्यांची होती, आता माझी. ह्यांच्या तोंडून या जागेबद्दल इतकं ऐकलं होतं की दाराची कडी उलटी बसवली आहे हेही मला माहीत होतं. खिडकी पाण्याकडे उघडते. काठची वाळुंजाची झुडपं हिरवी होऊ लागली आहेत.

माझी ट्रंक उचलताना सातारने विचारलं, आत दगड भरलेत का? मी म्हटलं, रिकाम्या कुप्या. तर म्हणाला, "अगदी यजमानांसारखं. लोक इथं मेंढ्या राखायला येतात, तुम्ही नवराबायको माश्या राखायला. बरंय म्हणा, माश्यांना लांडगा खात नाही." बुर्मा एजेंनी आतूनच त्याला झापलं, "मेल्या, सूनबाई अजून उंबऱ्यात आहे, तिला आत तर येऊ दे!" मग मीठ घातलेला दुधाचा चहा आणि गरम बोर्सोक, कणकेचे तळलेले गोळे. पोटभर खाल्लं. गेल्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच.

झोपायची गादी ह्यांचीच आहे. एजेंनी ती उन्हात घातली होती. त्यांनी तसं करायला नको होतं, ह्यांचा वास उडून गेला.

१७ मे

काम सुरू केलं. ओढ्याचं पाणी नळीने खोलीत घेतलं आणि एनॅमलच्या पसरट ताटांमधून वाहतं ठेवलं. पुढच्या नळीने ते परत ओढ्यात जातं. ही सगळी मांडणी ह्यांचीच, मी फक्त गळती बांधली.

एजे दारात उभ्या राहून बघत होत्या. विचारलं, एवढं काय आहे त्या अळीत? मी सांगितलं, कॅडिसमाशीची अळी पाण्यात राहते. तिच्या तोंडाजवळून रेशीम निघतं. त्या रेशमाने ती वाळूचे कण, काड्या, शिंपल्यांचे तुकडे एकमेकांना चिकटवते आणि स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. प्रत्येक जातीचं घर वेगळं. वाढ पुरी झाली की दोन्ही तोंडांना रेशमाची चाळण लावून आत कोश करते. मग चाळण कुरतडून बाहेर येते, पोहत वर येते आणि केसाळ पंखांची माशी होऊन उडून जाते. ती माशी फार तर महिनाभर जगते. खात नाही. तिला धड तोंडच नसतं.

एजे म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखंच की! तोंडाने सगळं घर बांधायचं आणि उडायची वेळ आली की तोंडच नाही." आणि स्वतःच मोठ्याने हसल्या.

ह्यांना दोन वर्षांपूर्वी इथल्या डोहात एका अळीची अशी घरं सापडली होती, जी कुठल्याच पुस्तकात नाहीत. पांढऱ्या चपट्या तुकड्यांची, कौलांसारखी एकावर एक बसवलेली. पण नुसत्या अळीवरून नवी जात ठरवता येत नाही. प्रौढ नर लागतो. त्याच्या पोटाच्या टोकाची ठेवण बघूनच जात ठरते. हे नराची वाट बघत होते. त्याच डोहात गेले. जाळी सापडली, एक बूट सापडला.

आता नर मला शोधायचा आहे. इथं येण्याचं कारण एवढंच.

२५ मे

अळ्या मिळाल्या. डोहाच्या वरच्या अंगाला नाहीत, खालच्या अंगाला नाहीत, फक्त डोहात. एकीला अलगद घराबाहेर काढून ताटात सोडलं आणि समोर वेगवेगळे तुकडे ठेवले: वाळू, अभ्रक, माझ्या तुटलेल्या माळेचे निळे मणी. तिने कशालाच तोंड लावलं नाही. जुन्या घराचे पांढरे तुकडे दिल्यावर मात्र लगेच कामाला लागली.

ट्रकवाल्याबरोबर सासूबाईंचा, म्हणजे अपांचा निरोप आला. सप्टेंबरात ह्यांच्या वर्षाचं जेवण घालायचं आहे, त्यासाठी कापायची घोडी ठरवली आहे, आणि तोवर मी विलापाला बसलंच पाहिजे. लोक बोलतात म्हणे.

बोलणारच. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी कागदावर पुष्कळदा लिहिलं, उच्चारलं कधी नाही. सासरच्या घराण्यात रीत अशी की तिने ते पहिल्यांदा घ्यायचं ते विलापात. दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड करून बसायचं. नाव घ्यायचं आणि 'जा' म्हणायचं. मागे वळून बघायचं नाही. मग तो जातो.

ह्यांचा देह मिळाला नाही. अपांनी ह्यांचा कोट पुरला. मी विलापाला बसले नाही. कोटाला कोण 'जा' म्हणतं?

३ जून

आज एका अळीच्या घरात पांढऱ्या तुकड्यांमध्ये एक हिरवा तुकडा दिसला. भिंगाखाली घेतला. प्लास्टिक. कडेला अर्धं भोक.

ह्यांच्या कामाच्या शर्टाच्या बाहीचं बटण गेलं होतं. घरात पांढरं नव्हतं म्हणून मी बटणांच्या डबीतलं, कुठल्याशा लहान मुलीच्या कोटाचं हिरवं बटण लावून दिलं होतं. हे म्हणाले होते, साहेब लोक बघतील तर काय म्हणतील. पण तोच शर्ट घालायचे.

तुकडा काढून घेतला नाही. अळीला त्रास झाला असता.

४ जून

संस्थेच्या संग्रहालयात माझं काम सांगाडे साफ करण्याचं. एखादा तुकडा दगडाचा की हाडाचा अशी शंका आली की आम्ही तो जिभेला लावतो. दगड सुटून येतो. हाड चिकटतं.

आज एक पांढरा तुकडा धुतला आणि जिभेला लावला.

मेंढीचंही असू शकेल. वरच्या कुरणातून दरवर्षी मेंढ्या वाहून येतात.

पण दोन वर्षांपूर्वीही घरं पांढरीच होती. तेव्हा हे होते. म्हणजे मेंढीचंच. तेव्हा मेंढीचंच होतं.

९ जून

एजेंना बटणाचं सांगितलं. त्यांनी हातातली परात खाली ठेवली. म्हणाल्या, "अगं, मग बसलीस काय? गावात सांग, माणसं बोलव, डोह उपसू दे. मिळेल ते मिळेल, नीट मातीत जाऊ दे. रड एकदाची मोकळी."

मी म्हटलं, अळ्या कोशात जायच्या बेतात आहेत. डोह ढवळला तर सगळ्या जातील. नर मिळाला की सांगते.

त्यांनी परात पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "नर मिळाला की."

१९ जून

मिळाला.

दुपारी ताटातल्या पाण्यावर आला, कात टाकली आणि काठावर चढून पंख वाळवत बसला. मातकट रंग, पंखांवर दाट केस, मिटल्यावर छपरासारखे. स्पिरिटमध्ये घेतला, पोटाचं टोक कॉस्टिक सोड्यात उकळून साफ केलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. अशी ठेवण कुठेच नोंदलेली नाही. हे बरोबर होते.

नवी जात लिहिताना एक नमुना निवडून नाव त्या एका देहाला बांधायचं असतं. त्या जातीचे पुढे लाखो सापडोत, नावाचा धनी तो एकच. तो पुरत नाहीत, जाळत नाहीत. स्पिरिटमध्ये जपून ठेवतात. आणि दिलेलं नाव परत घेता येत नाही. देणाऱ्यालाही.

चिठ्ठीवर लिहिलं: तुर्दाकुनी. तुर्दाकूनचा.

लॅटिन नाव कानाला कसं लागतं ते नेहमी म्हणून बघायचं असतं. खोलीत जीभ रेटेना. डोहाशी गेले. भर दुपार होती. आधी लॅटिन म्हटलं. मग नुसतं ह्यांचं नाव. मोठ्याने. पहिल्यांदा. किती साधं नाव आहे. मी पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा.

या माश्या संध्याकाळशिवाय उडत नाहीत. पण वाळुंजाच्या झुडपांतून त्या उठल्या, सगळ्याच, आणि डोहावर थांबल्या. पाण्याचा आवाज ऐकू येईना. पंखांचाही नाही. मग एकेक येऊन माझ्यावर बसली. केसांवर, हातांवर. एक खालच्या ओठावर.

मी हलले नाही. कुणीतरी हळूच हात ठेवावा तसं वाटत होतं.

२१ जून

नमुना आणि लेख ट्रकवाल्याबरोबर शहरात पाठवला. आता नाव छापलं जाईल.

आवाज बसला आहे. एजेंनी चरबीचा चहा दिला. गिळवेना.

२४ जून

ताटांतली सगळी घरं रिकामी. अळ्या पुढच्या नळीने ओढ्यात गेल्या. नुसत्या, उघड्या. घर टाकून अळी कधी जात नाही.

माझी फणी सापडत नाही. निळे मणी वाटीत होते, तेही नाहीत.

सकाळी ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी चिकट लागलं. धागा. ओढला तर येत राहिला.

२८ जून

अपा आल्या. एजेंनीच निरोप धाडला असणार. अपा घोड्यावरून उतरल्या त्याच बोलत बोलत. म्हणाल्या, "कुठली सून नवऱ्याचं नाव हरवलेलं कोकरू हाकारावं तसं पाण्यावर हाकारते? शिकलीस ना तू? कुठल्या शाळेत शिकवलं हे?"

मग त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, स्वतः मागे बसल्या आणि म्हणाल्या, चल, घे नाव, म्हण जा. मी तोंड उघडलं. आवाजच येईना. खरखरही नाही.

अपांनी मग माशीला दिलेलं नावच परत घ्यायला सांगितलं. मी पाटीवर लिहिलं, आमच्या नियमांत तसं होत नाही. सातारने त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग तुमचे नियम करणाऱ्यांनी कधी कुणाला पुरलं नसेल."

नंतर चुलीपाशी बसून माझ्या पाठीवर हात फिरवत त्या हळू बोलल्या. ह्यांच्या आधीची तिन्ही मुलं राहिली नाहीत. म्हणून याचं नाव तुर्दाकून ठेवलं, म्हणजे 'राहिला तो'. "मी त्याला नावाने ठेवून घेतलं, पोरी. तो राहिला, शिकला, तुला घेऊन आला. आता तूही त्याला नावानेच ठेवून घेतेस. पण मी ठेवला तेव्हा तो जिवंत होता गं." आणि त्या रडल्या. मी त्यांचे डोळे पुसले. माझ्या हाताला ओढ्यातल्या खडीचा वास येत होता.

जाताना म्हणाल्या, तोंडाने येत नसेल तर लिहून म्हण. पण दाराकडे पाठ करून, आणि शेवटी 'जा' म्हण. वळू नकोस.

२ जुलै

पाणी उतरलं आहे. दुपारच्या उन्हात डोहाचा तळ दिसतो.

तळाशी एक घर आहे. गोट्यांचं, मधे पांढरे तुकडे, कौलांसारखे एकावर एक बसवलेले. सांधा दिसत नाही इतकं नीट. दोन्ही टोकांना रेशमाची चाळण लावली आहे.

माणसाएवढं आहे. ह्यांच्याएवढं.

५ जुलै

सातार म्हणाला, ओंडका असेल. बघायला गेला. परत आला तेव्हा टिंगल केली नाही. जेवला नाही. एजेंनी बाधा टळावी म्हणून दोन्ही खोल्यांतून जुनिपरच्या फांद्यांचा धूर फिरवला. धुराने माझा जीव कासावीस झाला. मी पाण्याकडे पळाले, तिथे बरं वाटलं.

त्यांच्या मेंढ्या वरच्या कुरणात गेल्या आहेत, त्यांनाही जायलाच हवं. मला चल म्हणतात. एजे हात सोडेनात. मी पाटीवर लिहिलं, थोडे दिवस.

८ जुलै

ते गेले. सातार परवा किंवा तेरवा घोडा घेऊन मला न्यायला येणार आहे, मी हो म्हणो की नाही.

डोहातलं घर श्वास घेतं. कोशातला जीव अंग हलवून पाणी आत ओढतो, मला माहीत आहे. चाळणीतून गाळ आत जातो, बाहेर येतो. आत, बाहेर. मी काठावर बसून असते. भूक नाही. आपण दोघं शेजारी झोपायचो तेव्हा असाच —

भीती वाटते. लिहून ठेवते, की वाटते.

१० जुलै

शेजारी दुसरं घर. काल नव्हतं. लहान आहे. त्यात माझी फणी. निळे मणी. माझ्या पोलक्याची बटणं, ओळीने.

ते अर्धवट आहे. एक तोंड उघडं.

सकाळी माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. नखांत वाळू. ओठांत धागा — तुटलेला. म्हणजे ते मीच — झोपेत मीच बांधते आहे.

हाताने मोडायला गेले. मोडवलं नाही. इतकं नीट बसलं आहे.

१२ जुलै

मोठं घर रिकामं. चाळण आतून कापलेली.

उंबऱ्यावर ओल. गादीवर मातकट केस.

हे दाराशी उभे होते. उजेडात. ह्यांची उंची, ह्यांचे खांदे. बाहीला हिरवं — तोंडाच्या जागी काही नाही. गुळगुळीत. मला हाक मारता येत नाही म्हणून नुसते उभे. किती वाळले आहेत. खात नाहीत. महिनाभर. मग पुन्हा —

मीच बोलावलं. मीच ह्यांना हे पुन्हा करायला लावलं.

१३ जुलै

सातार अजून आला नाही. आला तर त्याला ही वही दे — कोण देणार.

आज सोडायचं. ठरवलं आहे. अपांनी सांगितलं तसंच. दाराकडे पाठ. भिंत समोर. वही मांडीवर. तोंड उघडत नाही, धाग्यांनी —

लिहून म्हणते.

माझ्या माणसा, तू बर्फाला शिव्या द्यायचास. हिरव्या बटणाची लाज वाटायची आणि तोच शर्ट घालायचास. तू बरोबर होतास, ती जात नवीच होती. तुझी आई वाट बघते आहे तू जायची. तुझा कोट मातीत एकटा आहे.

मागे ओलं पाऊल. दारात नाही. आत.

वळायचं नाही.

गार हात. केस विंचरल्यासारखा फिरवतात. माझी फणी —

नाव घ्यायचं आणि दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. एकच लिहायचं आहे. किती वाळलेत ह्यांचे हात. जरा बसू दे ह्यांना. जरा. मग लिहिते.

ओढ्याचा आवाज थांबला.

लिहिते आहे, अपा, लिहिते. तुर्दाकून —

तुर्दाकून, रा